शस्त्र कोणाच्या हातात? नाण्यांवरील आयुधांचा आढावा

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचे प्रचंड घबाड सापडले. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ते तपासले तेव्हा नाण्यांची संख्या १३,२५० भरली. सगळी नाणी क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाची होती. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला एक बाण, एक वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर मात्र आणखी एक ठसा होता. नहपानाचा पाडाव केल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने ही चांदी वितळवण्याचा खटाटोप केला नाही. आहेत त्याच नाण्यांवर त्याने आपली चिन्हे ठोकली. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आला आणि मागच्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनी चिन्ह.

या नाण्यावर शस्त्रे आहेत ती हरलेल्याची. जिंकणाऱ्याच्या ठशात एकही हत्यार नाही. आणि हा जिंकणारा काही शस्त्राला बिचकणारा नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरवून घेतलेल्या लेखात तो क्षहरातांचा निर्वंश करणारा आहे, तसाच अद्वितीय धनुर्धरही आहे. धनुष्य आईच्या लेखात आले, मुलाच्या ठशात आले नाही.

मग नाण्यावर शस्त्र येते ते कशासाठी? राजाने लढाई जिंकली म्हणून, त्याच्या सैन्याकडे ते हत्यार होते म्हणून, की आणखी कशासाठी? या प्रश्नाचा माग काढताना ग्रीसपासून कोल्हापूरपर्यंत आणि तिथून छत्तीसगडातल्या महानदीच्या काठापर्यंत यावे लागते. वाटेत प्रत्येक नाण्याला एकच साधा प्रश्न विचारला तर बराच गुंता सुटतो: हे शस्त्र देवाच्या हातात आहे, राजाच्या हातात आहे, की कोणाच्याच हातात नाही?

ग्रीकांच्या नाण्यांवर शस्त्रांची रेलचेल आहे. थीब्ज आणि बिओशियातल्या इतर नगरांनी आपल्या चांदीच्या नाण्यांवर दोन्ही कडांना खाच असलेली ढाल पिढ्यान्‌पिढ्या ठेवली. टेनेडॉस बेटाची ओळख दुधारी कुऱ्हाडीवरून पटे. आजच्या तुर्कस्तानातल्या ॲस्पेंडॉस नगराच्या नाण्यावर गोफण फिरवणारा शिपाई उभा आहे. मॅसिडोनियाच्या अँटिगोनस गोनाटस राजाने तर नाण्याची एक अख्खी बाजूच नक्षीदार मॅसिडोनियन ढालीच्या रूपात पाडली. ही सगळी शस्त्रे रणांगणातली दिसतात खरी, पण नाण्यावर त्यांचे मुख्य काम होते ते नगराची किंवा राजघराण्याची ओळख पटवण्याचे. बाजारात नाणे हातात घेणाऱ्याला ते कुठले आहे हे वाचल्याविना कळावे, एवढाच त्यांचा हेतू.

सिराक्यूजच्या दहा द्राख्मांच्या प्रसिद्ध नाण्यावर चार घोड्यांच्या रथाखाली चिलखत, शिरस्त्राण, पोटऱ्यांची कवचे आणि ढाल असा सगळा सरंजाम मांडलेला आहे. पाहणाऱ्याला वाटावे, ही युद्धातली लूट. प्रत्यक्षात खाली ग्रीकमध्ये ‘बक्षिसे’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला आहे. युद्धाचा अख्खा पोशाख समोर असूनही शिल्पकाराने तो स्पर्धेच्या खात्यावर टाकला.

इराणच्या अकिमेनिड सम्राटांच्या सोन्याच्या दारिकवर धनुष्य घेतलेला राजा आहे. स्पार्टाच्या अगेसिलाउसला आशियातली मोहीम सोडून परतावे लागले, कारण इराणी सोने ग्रीक नगरांत वाटले गेले आणि मागे घरीच युद्ध पेटले. आपल्याला राजाच्या हजारो ‘तिरंदाजां’नी हाकलले, असे तो म्हणाल्याचे प्लूटार्कने नोंदवले आहे. हे तिरंदाज नाण्यावरचे होते. नाण्यावरच्या शस्त्राने खरोखर युद्ध जिंकल्याचे असे उदाहरण विरळाच. नेमक्या एका कृत्याचे नेमके हत्यार दाखवणारे नाणेही असेच विरळ. रोमच्या ब्रूटसने सीझरच्या खुनानंतर पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर दोन खंजीर आणि त्यांच्या मधोमध मुक्त केलेल्या गुलामाची टोपी आहे. खाली खुनाची तारीखही आहे.

अशा नाण्यांचा भारताशी संबंध आला तो अलेक्झांडरबरोबर. इ.स.पू. ३२६मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढाई झाली. तिच्याशी जोडली जाणारी चांदीची काही मोठी नाणी आज जगातल्या मोजक्या संग्रहांत आहेत. साधारण चाळीस ग्रॅम वजनाच्या नाण्यावर घोडेस्वार हत्तीवरच्या दोघांचा पाठलाग करतो आहे. मागच्या बाजूला अलेक्झांडर उभा आहे आणि त्याच्या हातात झ्यूसचे वज्र आहे. याच मालिकेतल्या लहान नाण्यावर एक भारतीय तिरंदाज दिसतो. त्याचे धनुष्य जवळपास त्याच्याच उंचीचे आहे. भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाएवढे असते आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटत ओढतात, असे एरियनने लिहून ठेवले आहे. ग्रंथ आणि नाणे इथे एकमेकांना दुजोरा देतात. शत्रूचे शस्त्र खऱ्याखुऱ्या मापात आले, जेत्याच्या हातात मात्र देवाचे शस्त्र दिले गेले. राजा भाल्याने लढला असला तरी नाण्यावर तो वज्रधारी झाला.

हे वज्र पुढे भारतातच राहिले. मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथांतला मिलिंद, याच्या चांदीच्या नाण्यांवर अथेना देवी एका हातात ढाल घेऊन दुसऱ्या हाताने वज्र फेकते आहे. ग्रीकांना ते झ्यूसच्या घरचे अस्त्र वाटे, तर इथल्या माणसाला इंद्राचे वज्र ओळखायला कोणी शिकवावे लागत नव्हते. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवहीत भरुचच्या बाजाराचे वर्णन आहे. ग्रीक अक्षरे असलेले अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राख्मा तिथे अजून चालतात, अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात त्या मुलखाच्या राजाचे जे नाव येते, ते नहपानाचे मानले जाते. नहपानाच्या टाकसाळीतल्या कारागिरांना वज्र शोधायला लांब जावे लागले नसणार. बंदरातल्या सराफांच्या पेटीत ते आधीपासून खुळखुळत होते.

नहपानाच्या आधीचा भूमक तांब्याची नाणी पाडत असे. त्यांच्या एका बाजूला बाण, चक्र आणि वज्र ही तीन आयुधे, तर दुसऱ्या बाजूला सिंहशीर्ष आणि धर्मचक्र आहे. वायव्येकडच्या शक राजा स्पलिरिसेसच्या नाण्यांवरही धनुष्यबाण आढळतात. म्हणजे ही चिन्हे शक घराण्यांबरोबर दक्षिणेकडे सरकत आली. नहपानाने त्यांतला बाण आणि वज्र ठेवले. ही आयुधे कोणाच्याही हातात नाहीत. देव नाही, योद्धा नाही, नुसती हत्यारे शेजारी शेजारी उभी. याला एक व्यवहारी कारणही असावे. जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या, नखाएवढ्या चांदीच्या तुकड्यावर मूर्ती कोरायला कसब लागते आणि ती लवकर झिजते. बाण म्हणजे एक उभी रेघ आणि टोक. नाणे अर्धे झिजले तरी तो ओळखू येतो.

गोष्टीतला गमतीचा भाग यापुढचा. गौतमीपुत्रानंतर पश्चिम क्षत्रपांचे दुसरे घराणे उभे राहिले, ते चष्टनाचे. त्याने नहपानासारखा राजाचा चेहरा ठेवला, भोवतालची ग्रीक अक्षरे ठेवली, पण बाण आणि वज्र टाकून दिले. त्यांच्या जागी आला चंद्र-ताऱ्यांसह तीन कमानींचा डोंगर, म्हणजे सातवाहनांनी नहपानाच्या चेहऱ्यावर ठोकला होता तसाच. शकांच्या शत्रूचे हे चिन्ह शकांच्याच चांदीच्या नाण्यांवर पुढे जवळजवळ तीनशे वर्षे चालले. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारत घेतला तेव्हा त्याने त्या डोंगराच्या जागी आपला गरुड बसवला. चेहऱ्याचा साचा तोच, मागचे चिन्ह तेवढे बदलले. पश्चिम भारतात सत्ता बदलल्याची वर्दी नाणी देत राहिली, पण ती डोंगर आणि गरुड यांच्या तोंडून. बाण-वज्र या साखळीतून लवकरच गळून पडले.

दख्खनमध्ये धनुष्यबाण ठळकपणे मिरवला तो कोल्हापूरने. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात एकोणिसाव्या शतकात शिशाची नाणी सापडली आणि पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. पुढे १९४५-४६मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. या नाण्यांच्या एका बाजूला अनेक कमानींचा डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूला प्रत्यंचा ओढलेले धनुष्य आणि त्यावर चढवलेला बाण आहे. भोवती राजांची नावे आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. टॉलेमीच्या भूगोलात बालिओकुरोस नावाचा एक राजा येतो, त्याचा संबंध याच विळिवायकुराशी लावला जातो.

हे राजे सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. त्यांचा क्रम मात्र बऱ्याच भरवशाने लावता आला, आणि तो नाण्यांवरूनच. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याने आपला ठसा मारला की खालचा ठसा जुना ठरतो. ई. जे. रॅप्सन यांनी १९०८च्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत याच आधाराने क्रम मांडला. इथे धनुष्याने काही सांगितले नाही, कारण ते तिघांचेही एकच आहे. सांगितले ते धनुष्यावर पडलेल्या दुसऱ्या धनुष्याने. सातवाहनांच्या हत्ती, सिंह आणि उज्जयिनी चिन्हाच्या गर्दीत कोल्हापूरच्या टाकसाळीला स्वतःची वेगळी खूण हवी होती. थीब्जची ढाल जे काम करत होती, तेच काम पंचगंगेच्या काठी धनुष्याने केले.

देवाच्या हातातल्या शस्त्रांची परंपरा उत्तरेत बहरली. कुषाण राजा विम कदफिसेसच्या सोन्याच्या नाण्यांवर शिवाच्या हातात त्रिशूळ आहे, आणि त्रिशुळाला परशूचे पाते जोडलेले चिन्हही आहे. पंजाब-हिमाचलातल्या औदुंबरांनी त्रिशूळ-परशू नाण्यावर आणला. यौधेय गणाने भाला घेतलेला कार्तिकेय आणला आणि गणाचा जयजयकारही अक्षरांत कोरला. यौधेय लढवय्ये म्हणून प्रसिद्ध होते, पण त्यांच्या नाण्यावरचा भाला देवसेनापतीच्या हातात आहे, कुणा शिपायाच्या नाही.

राजाच्या हातात शस्त्र हौसेने दिले ते गुप्तांनी. समुद्रगुप्ताच्या एका प्रकारात त्याच्या हातात परशू आहे आणि बिरुद ‘कृतांतपरशु’. धनुर्धारी प्रकार त्याच्यापासून सुरू झाला आणि गुप्त सत्तेच्या अखेरपर्यंत टिकला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही नाणी तर विपुल आहेत. राजस्थानातल्या बयाना इथे १९४६ साली सापडलेल्या गुप्त सुवर्णनाण्यांच्या निधीतली १,८२१ नाणी अभ्यासकांच्या हाती आली. त्यांची सूची सिद्ध केली अनंत सदाशिव अळतेकरांनी, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकवे गावी जन्मलेल्या विद्वानाने.

ही नाणी ओळीने पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. धनुर्धारी राजा बाण सोडत नाही. डाव्या हातात धनुष्य, उजव्यात बाण, शेजारी गरुडध्वज, असा तो निवांत उभा असतो. बाण सुटतो तो वाघावर किंवा सिंहावर. कुमारगुप्ताची तलवार उगारलेली दिसते ती गेंड्यावर. गुप्तांनी लढाया कमी केल्या नाहीत. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत हरवलेल्या राजांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात दक्षिण कोसलचा, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या मुलखाचा राजा महेंद्रही आहे. पण नाण्यावर माणसाला मारणारा राजा नाही. अलेक्झांडरच्या टाकसाळीने शत्रूचा पाठलाग दाखवला, गुप्तांनी शिकार दाखवली.

दक्षिण कोसलातही नाण्यांची कमतरता नाही. महानदीकाठच्या बालपूर इथे अपीलक या सातवाहन राजाचे तांब्याचे नाणे मिळाले. त्यावर हत्ती आहे, शस्त्र नाही. शरभपुरीय घराण्यातल्या प्रसन्नमात्राची नाणी अगदी वेगळ्या पद्धतीची. सोन्याचा पातळ पत्रा मागून ठोकून चित्र उठवायचे, त्यामुळे ती एकाच बाजूने वाचता येतात. मधे पंख पसरलेला गरुड, त्याच्या एका बाजूला शंख, दुसरीकडे चक्र. विष्णू नाण्यावर नाही, पण त्याचे वाहन आणि आयुध आहे. नहपानाचा बाण ज्या अर्थाने एकटा उभा होता त्या अर्थाने हे चक्र एकटे नाही. गरुड आणि शंख शेजारी असल्यामुळे ते कोणाचे, हे विचारावे लागत नाही.

याच मुलखातल्या रतनपूरच्या कलचुरींनी सोन्याच्या नाण्यांवर हत्तीला लोळवणारा सिंह कोरला आणि नागरीत ‘श्रीमज्जाजल्लदेव’ अशी नावे लिहिली. तांब्यावर हनुमान आणला. या घराण्याच्या लेखांचा आणि नाण्यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे वासुदेव विष्णु मिराशी नागपूरचे. त्यांचा कलचुरी-चेदी लेखांचा ग्रंथ १९५५मध्ये प्रसिद्ध झाला आणि छत्तीसगडच्या इतिहासाचे काम करणाऱ्याला तो अजून उघडावा लागतो.

याच घराण्यातला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा प्रतापमल्ल हा इथला विशेष. त्याची तांब्याची नाणी गोल आहेत तशीच षटकोनीही आहेत, आणि त्यांवर सिंहाबरोबर कट्यार आहे. सिंह हे घराण्याचे जुने चिन्ह. कट्यार नवी, आणि ती कुणा देवाची ओळखीची खूण नव्हे. कट्यार हे कमरेला लावायचे, जवळून वापरायचे शस्त्र. हत्ती-सिंहाच्या राजेशाही चित्रापेक्षा कितीतरी घरगुती. गावच्या बाजारात फिरणाऱ्या तांब्याच्या नाण्यावर ती आली. सोन्यावर प्रताप आणि तांब्यावर ओळखीचे हत्यार, अशी वाटणी इथे दिसते.

मराठ्यांकडे यावे तर पहिला धक्का शिवरायांच्या नाण्यांचा. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांवर एकही शस्त्र नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ज्याच्या तलवारीच्या कथा घराघरांत सांगितल्या गेल्या त्या राजाने नाण्यावर केवळ देवनागरी अक्षरे ठेवली. आजूबाजूच्या बहुतेक टाकसाळी फारसी मजकूर छापत असताना ही अक्षरे पुरेशी बोलकी होती. पेशवाईत पुण्याच्या टाकसाळीतून बादशहाच्या नावाचाच रुपया निघाला, पण त्यावर अंकुशाची खूण होती. लोकांनी त्याला अंकुशी रुपयाच म्हटले. अंकुश हत्ती हाकणाऱ्याचा आणि गणपतीच्याही हातातला.

१७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून आले आणि कलचुरींची सत्ता संपल्यात जमा झाली. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. आज छत्तीसगडातल्या दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या पायाखाली असे दोन थर आहेत, कट्यारीचे तांबे पाडणाऱ्या कलचुरींचा आणि त्यांना बाजूला सारणाऱ्या भोसल्यांचा.

मराठी संस्थानांपैकी बडोद्याने मात्र शस्त्र अखेरपर्यंत सोडले नाही. गायकवाडांच्या तांब्याच्या पैशांवर वाकडी तलवार आहे. सयाजीराव महाराजांच्या १८९०च्या दशकातल्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर एका बाजूला त्यांचा चेहरा आणि भोवती ‘सेनाखासखेल समशेर बहादुर’ हे बिरुद आहे. मागच्या बाजूला वेलींच्या वर्तुळात तीच तलवार. ‘समशेर बहादुर’ हा किताब बाळापूरच्या १७२०च्या लढाईनंतर दमाजी गायकवाडांना मिळाला. रुपया निघेपर्यंत संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली होते आणि त्या तलवारीला जाण्यासारखी लढाई उरली नव्हती. घराण्याची जुनी पदवी चित्रात सांगण्याचे काम तेवढे तिच्याकडे होते.

खरी शस्त्रे शोधायची तर नाण्यांपेक्षा जमीन अधिक बोलते. नागपूरजवळ टाकळघाट-खापा आणि माहूरझरी इथल्या महापाषाणीय शिळावर्तुळांतून शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, बाणांची टोके आणि घोड्यांचे लगाम बाहेर काढले. त्यांची लांबी मोजता येते, वजन करता येते. नहपानाच्या बाणाची लांबी मोजून काही हाती लागत नाही. त्या बाणाला विचारायचे ते एवढेच की त्याला कोणी पुसले आणि पुसून काय ठेवले.

म्हणूनच सुटे नाणे फारसे कामाचे नसते. जोगळटेंभीचे मोल तिथल्या चांदीत नव्हते. एकाच भांडारात ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्र मिळाली, यात ते मोल होते. कोल्हापूरच्या राजांचा क्रम एकावर एक पडलेल्या ठशांतून आला. प्रतापमल्लाच्या कट्यारीचा अर्थ लागायचा तर ती नाणी कोणत्या गावी, कशाबरोबर सापडली याची नोंद हवी. रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय १८७५पासून उभे आहे, पद्मनाभपुरापासून तासाभराच्या वाटेवर. नाशिकजवळ अंजनेरीला १९८०पासून नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे द्रव्य जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असे १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. नाणे कायद्याच्या वाटेने गेले तर त्याच्याबरोबर गावाचे नाव आणि सोबतच्या नाण्यांची यादीही जाते. ते थेट सराफाकडे गेले की चांदीचा भाव मिळतो, आणि तोवर न वाचलेला ठसा त्याच संध्याकाळी मुशीत जातो.